तटाबाहेरचा महिना

27 जुलै 1377. ॲड्रियाटिक समुद्राकाठच्या रगुझा नावाच्या चिमुकल्या नगरराज्याची महासभा भरली होती. हजर 47 जण, सगळे तिथल्या सरदार घराण्यांतले पुरुष. त्यांच्यापुढचा ठराव असा होता: साथीच्या मुलखातून येणारा माणूस परका असो की इथलाच, मर्कान बेटावर किंवा त्साव्तात गावात एक महिना राहिल्याशिवाय त्यानं शहरात किंवा शहराच्या हद्दीत पाऊल ठेवायचं नाही. 34 जणांनी बाजूनं मत दिलं. बाहेर ठेवलेल्यांना विनापरवाना भेटायला जाणाऱ्या किंवा जेवण पोचवणाऱ्या रगुझाकरानंही तो महिना त्यांच्यासोबतच काढायचा, असंही ठरलं. मोडणाऱ्याला दंड. हे सगळं लॅटिनमध्ये ज्या वहीत उतरवलं गेलं तिला 'हिरवी वही' म्हणत. येणाऱ्याला ठरलेल्या जागी ठरलेली मुदत ठेवायचं आणि मग आत घ्यायचं, असं कायद्यानं बांधून देणारा हा पहिला ठराव म्हणून साथरोगांच्या इतिहासात ओळखला जातो.

रगुझा म्हणजे आजचं क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक.

माझी सगळी नोकरी बीड जिल्ह्यात आरोग्य खात्यात गेली. 1994 च्या ऑगस्टमध्ये मामला गावात घराघरांत उंदीर मरून पडायला लागले, माणसांना ताप भरून जांघेत गाठी यायला लागल्या, तेव्हा घरोघर जाणाऱ्या पथकांत मीही होते. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झालेला होता. धसक्यानं लोक घरं सोडून बाहेर निजत होते, बंद घरांत धान्य पडून होतं आणि त्या धान्यावर उंदीर माजले होते. आम्ही भिंतींच्या कडेनं, बिळांच्या तोंडाशी पावडर धुरळायचो, टेट्रासायक्लीनच्या गोळ्या वाटायचो, कुणाला ताप आहे ते विचारत फिरायचो. पुढच्याच महिन्यात सुरतेत साथ उठली आणि तिथून लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं निघाली. त्या दिवसांत रात्री वाचायला घेतलेल्या एका पुस्तकात 'रगुझा, 1377' हा उल्लेख ओझरता आला होता. तो माझ्या मनातून गेला नाही. निवृत्तीनंतर लेकानं विचारलं, "आई, कुठं जायचंय तुला?" तेव्हा मी त्या गावाचं नाव सांगितलं, आणि एकटीच जाणार म्हणूनही सांगितलं. सोबत कुणी असतं तर मला एका भिंतीपुढे तासभर उभं राहता आलं नसतं.

दुब्रोव्हनिक पहिल्यांदा पाहताना डोळ्यांत भरतो तो तट. लांबी दोन किलोमीटरला थोडी कमी, समुद्राच्या बाजूला खडकातून उगवल्यासारखा सरळ वर गेलेला. लोक त्यासाठीच येतात आणि तटावरून एक फेरी मारून परत जातात. पण मला वाटतं, या गावाची अक्कल तटाच्या दगडांत कमी आणि तटाबाहेरच्या जागांत जास्त आहे.

आधी त्यांची अडचण समजून घ्यायला हवी. मागे उघडा चुनखडीचा डोंगर, पुढे समुद्र, मध्ये मूठभर जमीन. पोटापुरतं धान्य पिकत नसे, ते जहाजांनी यायचं. मागच्या डोंगरांपलीकडे बोस्निया आणि सर्बियाच्या खाणी. तिथली चांदी आणि शिसं खेचरांच्या तांड्यांवर लादून रगुझात यायचं आणि इथून इटलीत जायचं. 1358 पर्यंत शहरावर व्हेनिसचा अंमल होता. तो सुटला, हंगेरीच्या राजाला वार्षिक खंडणी देऊन रगुझा आपला कारभार आपण पाहू लागली, त्याला 1377 साली जेमतेम एकोणीस वर्षं झाली होती. अशा शहरानं साथीच्या भीतीनं दरवाजे बंद केले असते तर प्लेगच्या आधी उपासमारीनं माणसं मेली असती. आणि दरवाजे उघडे ठेवले तर काय होतं हे त्यांनी 1348 साली भोगलं होतं.

त्या 1348 ची खूण मला फ्रान्सिस्कन मठात सापडली. पिले दरवाजातून आत आलं की डाव्या हाताला हा मठ. आतल्या चौकाभोवती सडपातळ जोडखांबांची ओवरी आहे, आणि खांबांच्या माथ्यांवर माणसांचे चेहरे, जनावरं, पानं कोरलेली आहेत, एकासारखं दुसरं नाही. हे काम बार गावच्या मिहोये ब्राइकोव या शिल्पकाराचं. तो 1348 च्या प्लेगमध्येच गेला, आणि त्याला त्यानं घडवलेल्या या ओवरीतच पुरलं. याच मठात 1317 साली सुरू झालेलं औषधालय आहे आणि ते आजही औषधं विकतं. मी तिथून गुलाबाचं मलम घेतलं. जवळच औषधं होती, वैद्य होते, प्रार्थना होत्या, आणि तरी साथीपुढे काहीच चाललं नाही. महासभेतल्या वयस्कर माणसांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असणार.

प्लेगचा जंतू येर्सिननं हाँगकाँगमध्ये शोधला 1894 साली. पिसवेमार्फत तो उंदरातून माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं 1898 साली आपल्याच उपखंडात, कराचीत दाखवून दिलं. म्हणजे रगुझाच्या ठरावानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी. 1377 साली युरोपातले विद्वान वैद्य दूषित हवेला आणि ग्रहांच्या युतीला दोष देत होते. पण व्यापाऱ्यांची नजर वेगळी होती. अमुक बंदरात साथ असली की तिथलं जहाज आल्यावर आपल्याकडे माणसं मरतात, हा हिशेब त्यांना कळत होता. कारण ठाऊक नसताना त्यांनी फक्त या निरीक्षणावर कायदा केला. आरोग्य खात्यात राबलेल्या बाईला यातलं धाडस लगेच कळतं.

एक महिना ही मुदतही मला फार शहाणपणाची वाटते. प्लेगचा जंतू शिरल्यापासून लक्षणं दिसायला एक ते सात दिवस लागतात. महिन्याभरात आजारी पडायचा तो पडतो, वाचायचा तो वाचतो. या उपायातून सुटत होता तो उंदीर. तो दोरावरून उतरून किनाऱ्याला लागायचा आणि त्याच्यावर कुणाचा संशय नव्हता. म्हणून ठरावानंतरही प्लेग अधूनमधून आलाच.

मर्कान पाहायला दहा नंबरच्या बसनं त्साव्तातला गेले. रस्ता डोंगराच्या कडेकडेनं जातो आणि उजवीकडे समुद्र सारखा दिसत राहतो. त्साव्तात आज पर्यटकांचं टुमदार गाव आहे. तिथल्या भूशिरावर पाइनच्या झाडांतून एक पायवाट आहे, त्या वाटेवरून मर्कान, बोबारा आणि सुपेतार ही तीन बेटं दिसतात. मर्कान उघडंबोडकं, खडकाळ. सुरुवातीला तिथे ठेवलेल्यांसाठी धड छप्परही नव्हतं. लोक तंबूत, झोपड्यांत राहत, आणि झोपडीत कुणी मेलं तर ती जाळून टाकणं सोपं पडे. जुलैतल्या उन्हात तिथे पाण्याचं काय करत असतील, आजारी माणसापाशी कोण बसत असेल, हे प्रश्न माझ्या डोक्यात नोकरीच्या सवयीनं आले. ठराव करणाऱ्यांनाही ते पुढे पडले, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

कारण ठराव कागदावर राहिला नाही. 1390 साली साथीच्या कामासाठी अधिकारी नेमले गेले. 1397 साली म्ल्येत बेटावरचा बेनेडिक्टिन मठ विलगीकरणासाठी घेतला गेला, मुदतही महिन्यावरून पुढे वाढत चाळीस दिवसांवर गेली. पंधराव्या शतकात शहराच्या पश्चिमेला दान्चे इथे लाझारेत बांधलं, म्हणजे विलगीकरणाचं ठाणं. सोळाव्या शतकात समोरच्या लोक्रुम बेटावर मोठी इमारत काढली, ती पुरी झालीच नाही. दरम्यान व्हेनिसनं 1423 साली आपल्या खाडीतल्या एका बेटावर प्लेगचं कायमचं इस्पितळ उभारलं होतं. रगुझाची जागा मात्र दोन शतकं फिरत राहिली: आधी दूरचं बेट, मग मठ, मग शहराची पश्चिम बाजू, आणि शेवटी थेट पूर्वेच्या प्लोचे दरवाजाबाहेर, तटाला जवळजवळ खेटून. हा प्रवास मला फार बोलका वाटतो. सुरुवातीला त्यांनी संशयित माणसाला नजरेआड ठेवलं, पुढे त्याला जवळ आणून नीट बांधलेल्या घरात ठेवलं. बाहेरच्याला हाकलणं कुठल्याही गावाला जमतं. त्याची व्यवस्था लावून, वेळ झाली की त्याला बाजारात येऊ देणं शिकायला रगुझाला अडीचशे वर्षं लागली.

प्लोचेच्या या लाझारेतींचा निर्णय 1590 साली झाला आणि बांधकाम सतराव्या शतकाच्या मध्याकडे पुरं झालं. समुद्राला लागून दहा लांबलचक दगडी दालनं एका ओळीत, वर कौलारू छपरं, मधूनमधून अंगणं, पहारेकऱ्यांच्या चौक्या. वरच्या अंगाला ताबोर नावाचं मोकळं मैदान होतं, तिथे ऑटोमन मुलखातून त्रेबिन्येच्या वाटेनं येणारे तांडे उतरत. लोकर, कातडी, मेण घेऊन यायचे आणि मीठ घेऊन परत जायचे. मीठ ही रगुझाची सरकारी मक्तेदारी, स्तोन गावच्या मिठागरांतलं. सुलतानाच्या प्रजेच्या व्यवहारांवर देखरेख करणारा त्याचा अंमलदार, एमिन, तोही इथेच राहत असे. तुर्की प्रवासी एव्लिया चेलेबी 1664 च्या सुमारास इथे आला आणि त्यानं आपल्या प्रवासवर्णनात या जागेबद्दल लिहून ठेवलं.

आत काय चाले, तर वाट पाहणं. माणसं एका बाजूला, माल दुसऱ्या बाजूला. लोकर आणि कापडाचे गठ्ठे सोडून वाऱ्यावर पसरायचे, उलटेपालटे करायचे. आजार कापडात, केसाळ मालात दडतो अशी तेव्हाची समजूत होती. ती अगदीच चूक नव्हती, कारण गठ्ठ्यात पिसवा टिकून राहू शकतात. त्या काळी युरोपभर पत्रांना धुरी देत आणि नाणी व्हिनेगरात बुडवून घेत. या अंगणात उभी असताना मामल्यातल्या गोधड्या मला आठवल्या. उन्हात टाका म्हणून आम्ही बायकांच्या मागे लागायचो, त्या "किती वेळा टाकायच्या ताई?" म्हणून वैतागायच्या.

आज लाझारेतींत सांस्कृतिक कार्यक्रम होतात, लोकनृत्यं होतात, शेजारीच पुळण आहे. जागा जपली गेली याचा मला आनंद झाला.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1526-27 ची साथ भयंकर होती. सरकारला शहर सोडून गृझ बंदराकडे बस्तान हलवावं लागलं. साथीच्या अधिकाऱ्यांनी सोळाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत ठेवलेली एक वही टिकून आहे. तिच्यात आजार लपवणाऱ्यांची, मेलेल्याचे कपडे चोरून विकणाऱ्यांची, चौकशीत यातना देऊन घेतलेल्या जबान्यांची, चाबकाच्या आणि डागण्यांच्या शिक्षांची नोंद आहे. पकडली जाणारी बहुतेक गरीब माणसं. मोलकरणी, मुडदे उचलणारे, एखाद्या बऱ्या कापडाचा मोह पडलेले. शिक्षा करणारे सरदार. ते वाचून जीव तुटतो. आजार लपवणारा माणूस दुष्ट नसतो, घाबरलेला असतो, हे मी स्वतः दारोदार फिरून पाहिलं आहे. ताप असलेल्या पोराला आतल्या खोलीत निजवून "घरात कुणी आजारी नाही" म्हणणारी आई मी पाहिली आहे. तिला चाबूक दाखवून काही हाती लागलं नसतं. तिच्याजवळ बसावं लागलं.

पुण्यात 1897 साली याच आजारासाठी गोऱ्या सोजिरांनी घरांत घुसून झडत्या घेतल्या, त्याचा शेवट कसा झाला ते आपल्याला माहीत आहे. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. रगुझाची सजा पुण्यातल्या झडत्यांहून सौम्य नव्हती. फरक एवढाच, की तिथे नियम करणाऱ्यांची घरं त्याच तटाच्या आत होती आणि त्यांची स्वतःची जहाजंही त्याच नियमाखाली थांबत होती. तेवढ्या फरकानं तो नियम चारशेहून अधिक वर्षं टिकला.

रगुझाचे राज्यकर्ते स्वतःलाही कोंडून घेत. राज्यप्रमुख म्हणजे रेक्टर, त्याची मुदत फक्त एक महिन्याची. तो महिना त्यानं रेक्टरच्या वाड्यातच राहायचं, सरकारी कामाशिवाय बाहेर पडायचं नाही. आपल्या घरी जायचं नाही. खाजगी गोष्टी विसरून सार्वजनिक कामं पाहा, असा लेख महासभेच्या दालनाच्या दारावर होता. बेटावरच्या खलाशाला एक महिना आणि गादीवरच्या माणसालाही एक महिना. या दोन नियमांचा एकमेकांशी संबंध आहे असं कुणी लिहिलेलं नाही, पण एकाच गावाच्या डोक्यातून ते निघाले आहेत.

तसंच पाण्याचं. 1436 साली त्यांनी नेपल्सकडच्या ओनोफ्रिओ देला कावा या कारागिराशी करार केला आणि दोनच वर्षांत बारा किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी उतारानं शहरात आणलं. पिले दरवाजाशी त्याचा सोळा बाजूंचा मोठा हौद आहे. प्रत्येक बाजूला एक कोरलेला मुखवटा, मुखवट्याच्या तोंडातून धार. 6 एप्रिल 1667 च्या भूकंपात शहर कोसळलं, हजारो माणसं गेली, खुद्द रेक्टर दगडांखाली मेला, हौदावरचं नक्षीकाम पडलं. पाणी चालू आहे. मी रोज तिथे बाटली भरून घ्यायचे. याच लोकांनी 1416 साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि 1432 साली टाकलेल्या मुलांसाठी अनाथालय उघडलं. स्पोन्झा वाड्यात जुनी जकात होती, तिथल्या कमानीवर वजनांबद्दल एक लेख आहे: आमच्या मापात लबाडी चालत नाही, मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलतो, अशा अर्थाचा. त्याच वाड्यात आता शहराचं दफ्तर आहे.

मी ज्यांच्या घरी खोली घेतली होती त्या बाई माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांना थोडं इंग्रजी यायचं, मला थोडं. एका सकाळी मी भरलेली बाटली घेऊन आले तेव्हा त्या 1991 चं बोलल्या. ऑक्टोबरात शहराला वेढा पडला, पाणी आणि वीज दोन्ही तुटली. माणसं डबे घेऊन रांगेत उभी राहायची. जुन्या घरांतले पावसाच्या पाण्याचे हौद पुन्हा वापरात आले. 6 डिसेंबरला जुन्या शहरावर तोफगोळ्यांचा मारा झाला. तटावरून पाहिलं तर फिक्या जुन्या कौलांमध्ये तांबडीलाल नवी कौलं दिसतात, ती त्या माऱ्यानंतर घातलेली. त्या म्हणाल्या, "पाणी नसलं की आधी हात धुणं सुटतं, मग आजार येतो, त्याचीच भीती होती." एवढं एक वाक्य ऐकून आम्ही दोघी एकाच खात्यातल्या आहोत असं मला वाटलं.

आपल्याकडचा एक धागाही इथे येऊन मिळतो. दुब्रोव्हनिकचा रक्षक संत व्लाहो, म्हणजे सेंट ब्लेझ. 3 फेब्रुवारीला त्याची जत्रा भरते आणि धर्मगुरू दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून घशाच्या आजारापासून रक्षणाचा आशीर्वाद देतात. याच संताचं एक चर्च गोव्यात, जुन्या गोव्याजवळच्या गवंडाळी गावात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेल्या रगुझाच्या व्यापाऱ्यांनी ते उभारलं अशी परंपरा सांगतात.

31 जानेवारी 1808 ला नेपोलियनच्या सेनापतीनं, मार्मोंनं, रगुझाचं प्रजासत्ताक बरखास्त केलं.

दुब्रोव्हनिकला कधी गेलात तर तट जरूर फिरा, पण तिथूनच माघारी वळू नका. प्लोचे दरवाजातून बाहेर पडा, लाझारेतींच्या अंगणात थोडा वेळ काढा, मग बसनं त्साव्तातला जाऊन मर्कान पाहा. आणि आपल्याकडे साथरोग शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: विद्यार्थ्यांना 'रगुझा, 1377' सांगता तेव्हा 1390 हेही साल सांगा. त्या वर्षी तो ठराव राबवायला माणसं नेमली गेली.